सहावा नियम

श्यामकांत गुप्ते यांना दिल्लीत येऊन छत्तीस वर्षं झाली आणि त्यातली पस्तीस वर्षं लोक त्यांना गुप्ताजी म्हणत आले. पहिलं वर्षभर त्यांनी भेटेल त्याला दुरुस्त करून पाहिलं, मग नाद सोडला. कुणाची चूक त्यांनी अशी सोडून दिल्याचा हा एवढा एकच दाखला. एरवी तांदळातल्या खड्यावर जावा तसा त्यांचा डोळा चुकीवर जायचा. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात, संगणक विभागात, त्यांनी सगळी नोकरी केली, आणि दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम तपासणं हेच त्यांचं काम होतं. निरोपाच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले होते, की गुप्ताजींची सही असलेला कागद पुन्हा तपासावा लागत नाही. त्या वाक्याला श्यामकांत पेन्शनपेक्षा जास्त जपत, असं त्यांच्या पत्नीचं, चंद्रप्रभाबाईंचं, म्हणणं होतं.

निवृत्तीनंतर ते जेमतेम दोन महिने घरी बसले. तेवढ्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवल्या आणि डब्यांना क्रमांकही दिले. चंद्रप्रभाबाईंनी कोपरापासून हात जोडून सांगितलं, की बाहेर कुठेतरी जीव रमवा. अशा रीतीने नोएडातल्या एका खासगी विद्यापीठाला पहिल्या वर्षाला प्रोग्रामिंग शिकवणारे गुप्ते सर मिळाले. मयूर विहारहून मेट्रो, पुढे विद्यापीठाची बस, असा रोजचा प्रवास. करार दर वर्षी नवा व्हायचा. श्यामकांतना ती गोष्ट वर्षातून एकदा टोचायची आणि मग ते विसरून जायचे.

विद्यापीठात त्यांची ओळख झाली ती नियमांमुळे. पहिल्याच तासाला ते प्रत्येकाच्या हातात एक कागद ठेवत. गुण कसे दिले जातील, उशिरा दिलेल्या कामाचे किती कापले जातील, आणि नक्कल म्हणजे काय, असे सात नियम त्यावर छापलेले. खाली विद्यार्थ्याने सही करायची. त्याखाली आणखी एक जागा होती, शिक्षकाच्या सहीची. तिथे ते स्वतः सही करत आणि सांगत, की हे नियम मलाही लागू आहेत. मुलांना याचं फार नवल वाटे. नियम पाळायची तयारी दाखवणारा मास्तर त्यांनी आधी पाहिला नसावा.

सातांपैकी दोन नियम महत्त्वाचे. चौथा असा, की दोन प्रोग्राम एकसारखे निघाले तर देणारा आणि घेणारा दोघांनाही शून्य, शिवाय विभागाच्या दप्तरी नोंद. सहावा असा, की कुणाचीही मदत घ्या, मित्राची घ्या, भावाची घ्या, एआयची घ्या, पण प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत त्याचं नाव लिहा. नाव लिहिणाऱ्याचे गुण कापले जाणार नाहीत. चौथा नियम विद्यापीठाचाच होता, सहावा मात्र श्यामकांतचा स्वतःचा. मदत घेणं पाप नाही, लपवणं पाप आहे, असं त्यांना मनापासून वाटायचं. दर वर्षी कुणीतरी विचारायचं, की सर, असं नाव कुणी कधी लिहिलंय का. ते म्हणायचे, अजून तरी नाही. पाच वर्षांत चौथ्या नियमाखाली त्यांनी एक्केचाळीस शून्यं दिली होती आणि सहाव्या नियमाचा कागद कोराच राहिला होता. एकदा बुलंदशहरहून एका मुलाचे वडील आले आणि त्यांच्या पायाशी वाकले. श्यामकांतनी त्यांना उठवलं, खुर्ची दिली, चहा दिला. गुण दिले नाहीत.

आता वेदांत. श्यामकांतच्या वरच्या मजल्यावर राजाभाऊ राहायचे, त्यांचा हा मुलगा. राजाभाऊ आणि श्यामकांत एका कार्यालयात होते, एकाच सोसायटीत त्यांनी फ्लॅट घेतले, आणि गुप्त्यांना मूलबाळ नसल्यामुळे वेदांत निम्मा खालच्या घरातच वाढला. त्याला नेमका याच विद्यापीठात प्रवेश मिळाला, तोही कॉम्प्युटर शाखेत, आणि त्याची तुकडी नेमकी गुप्ते सरांकडे आली. श्यामकांतनी पहिल्याच दिवशी वर जाऊन राजाभाऊंना बजावलं, की तिथे मी काका नाही. राजाभाऊ म्हणाले, बिल्कुल नाही, कान धरून शिकव. बोलायला सोपं होतं ते दोघांनाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी वेदांत थालीपीठ खायला खाली आला तो लॅपटॉप घेऊनच. आकडे चढत्या क्रमाने लावायचा प्रोग्राम सोमवारी सकाळी द्यायचा होता आणि त्याला तो जमत नव्हता. एआयकडून लिहून घेतलं तर पकडला जातो, हे त्याला ठाऊक होतं. पकडणाऱ्याच्याच घरी विचारायला आला होता तो. श्यामकांत म्हणाले, मी फक्त दाखवीन, लिहिणार तूच. आणि खरोखर दहा मिनिटं त्यांनी फक्त दाखवलं. पण वेदांत दोन बोटांनी टाइप करणार, मधेच मोबाईल बघणार, कंस उघडणार आणि मिटायचा विसरणार. हे पाहणं श्यामकांतच्या कुवतीबाहेरचं होतं. "सरक जरा," ते म्हणाले आणि कीबोर्ड त्यांनी स्वतःकडे ओढला.

अकरा ओळी लिहिल्या त्यांनी. सुंदर लिहिल्या. चंद्रप्रभाबाई लोण्याची वाटी घेऊन आल्या तेव्हा वेदांत खात होता आणि नवरा टाइप करत होता. मुलगा जेवतोय आणि तुम्ही त्याचा अभ्यास करताय, अशी त्यांनी टोपी उडवली. श्यामकांत म्हणाले, वाट दाखवावी लागते. वेदांतला नाव लिहायला सांगावं असं तेव्हा त्यांच्या मनात आलं होतं की नाही, यावर पुढे त्यांनी स्वतःशी पुष्कळ वाद घातले. कधी वाटे, आलंच नव्हतं. कधी वाटे, आलं होतं आणि आपण ते थालीपिठाबरोबर गिळलं.

त्या अकरा ओळींत एक खूण राहून गेली. आकड्यांची यादी ठेवायला प्रोग्राममध्ये ओळीने कप्पे असतात, आणि हल्ली शिकवतात त्या भाषेत पहिल्या कप्प्याचा क्रमांक शून्य असतो. श्यामकांतच्या कार्यालयातल्या जुन्या यंत्रावर मोजणी एकापासून व्हायची. तीस वर्षांची सवय. अजूनही स्वतःपुरतं काही लिहिताना ते शून्याचा कप्पा मोकळा सोडत आणि एकापासून सुरुवात करत. वर्गात असं कुणी केलं तर ते तिथल्या तिथे टोकत. त्या रविवारी मात्र बोटं आपल्या वळणावर गेली.

बुधवारी विभागप्रमुख अनुराग सरांनी बोलावलं. श्यामकांतपेक्षा वीस वर्षांनी लहान, शांत माणूस. सारखे प्रोग्राम शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने एक जोडी काढली होती, वेदांत आणि देविका. देविका गाझियाबादहून येणारी, इलेक्ट्रॉनिक्स शाखेची मुलगी. पहिल्या वर्षाला सगळ्या शाखांच्या तुकड्या मिसळलेल्या असायच्या. प्रयोगशाळेत वेदांतच्या शेजारी बसायची. अकरा ओळी जशाच्या तशा होत्या. अनुराग सर स्क्रीनवर बोट ठेवून हिंदीत म्हणाले, की गंमत बघा, पहिला कप्पा दोघांनीही रिकामा सोडलाय, असं कुणी करतं का. श्यामकांतनी बघितलं. स्वतःचं अक्षर ओळखावं तशी त्यांनी ती ओळ ओळखली.

मग त्यांची नजर वर गेली. देविकाच्या प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत इंग्रजीत लिहिलं होतं, मदत वेदांतची, मधला भाग त्याच्याकडून घेतला आहे. वेदांतच्या पहिल्या ओळीत काहीच नव्हतं.

पाच वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी नाव लिहिलं होतं. एरवी श्यामकांतनी तो प्रोग्राम वर्गात मिरवला असता.

गुरुवारी दोघांना समोर बसवलं. देविकाने काहीही लपवलं नाही. रविवारी संध्याकाळी ती अडली होती, तिने वेदांतला विचारलं, त्याने फाईल पाठवून दिली. आधीचं आणि नंतरचं तिने स्वतः लिहिलं. त्या अकरा ओळी बदलायचा प्रयत्न केला, पण बदलल्या की प्रोग्राम बिघडायचा, म्हणून ठेवल्या आणि नाव लिहिलं. कॉम्प्युटर शाखेत बदली मिळवायची म्हणून ती पहिल्या दिवसापासून राबत होती. ती बदली पहिल्या वर्षाच्या अखेरीस एकदाच मिळते, गुणांवर मिळते, आणि दप्तरी नोंद असली तर अर्जच घेत नाहीत. हे तिथल्या सगळ्यांनाच माहीत होतं. तिला तर होतंच, कारण बोलताना तिने ओढणीचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

"सर, एक बात समझ नहीं आई थी," ती शेवटी म्हणाली. "पहला खाना खाली क्यों छोड़ा है? मैंने वेदांत से पूछा था, उसे भी नहीं पता था."

अनुराग सरांनी वेदांतकडे पाहिलं. आपण लिहिलेल्या ओळीचं कारण आपल्याला ठाऊक नाही, हे कसं, असं त्यांनी विचारलं. वेदांतने मान वळवून श्यामकांतकडे पाहिलं, लहानपणी फुलदाणी फुटली की पाहायचा तसं.

आता बोलावं, असं श्यामकांतच्या मनात आलं. चार शब्द पुरले असते. पण त्या चार शब्दांच्या मागे त्यांना बरंच काही दिसलं. पुढच्या महिन्यात करार नवा व्हायचा होता. राजाभाऊंना तोंड दाखवायचं होतं. एक्केचाळीस मुलांना शून्य देणारा मास्तर घरी बसून मुलाचा गृहपाठ लिहितो, ही बातमी कॅन्टीनपर्यंत पोचायला एक तासही लागला नसता. आणि ते साहेबांचं वाक्य होतं. ते म्हणाले, की कप्प्याच्या तपशिलात जाण्याची गरज नाही, साम्य उघड आहे.

अनुराग सर सज्जन होते, त्यामुळे त्यांनी अडचणीचा प्रश्न विचारला. चौथ्या नियमाने दोघांना शून्य आणि नोंद. सहाव्याने, नाव लिहिणाऱ्याचे गुण कापायचे नाहीत. मुलीने नाव लिहिलंय. "रूल आपके हैं, गुप्ताजी. आप ही बताइए, यहाँ चौथा लगेगा या छठा?"

उत्तर श्यामकांतना ठाऊक होतं. सहावा नियम त्यांनी नेमका अशाच मुलीसाठी लिहिला होता आणि पाच वर्षं तिची वाट पाहिली होती. पण सहावा लावला, की देविका सुटणार. मग एकटा वेदांत उरणार, आणि त्याला विचारणार की तू कुठून आणलंस. चौथा लावला की फाईल बंद.

"चौथा," श्यामकांत म्हणाले.

देविका रडली नाही, वादही घातला नाही. तिने फक्त नियमांचा कागद पिशवीतून काढला, त्यावर एकदा नजर फिरवली आणि घडी करून परत ठेवला. कागदावर खाली गुप्ते सरांची सही होती.

संध्याकाळी चहा देताना चंद्रप्रभाबाईंनी विचारलं, चेहरा का उतरलाय. श्यामकांतनी सांगितलं. थोडं इकडचं तिकडे करून सांगितलं, पण चाळीस वर्षांच्या संसारात अशी सारवासारव टिकत नाही. बाईंनी कप खाली ठेवला. "म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी," त्या म्हणाल्या. "आणि चोर तरी कोण? त्या दिवशी तर तुम्हीच बटणं बडवत होता." श्यामकांत म्हणाले, नियम म्हणजे नियम. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. आयुष्यभर त्यांना बोलू नकोस म्हणून सांगत आलेल्या माणसाला त्या दिवशी त्यांचं गप्प राहणं सहन झालं नाही.

रविवारी वेदांत आला. एका प्रोग्रामच्या शून्याने आणि त्या नोंदीने त्याचं काही अडत नव्हतं. तो कॉम्प्युटर शाखेत होताच. तो खुशीत होता. "काका, त्या दिवशी तुम्ही काय सांभाळून घेतलंत यार," तो म्हणाला. "मला वाटलं आता गेलो. थँक यू." श्यामकांतना कुणीतरी कानाखाली मारल्यासारखं झालं. हा मुलगा निदान घाबरेल, निदान चिडेल, असं त्यांना वाटलं होतं. त्याऐवजी तो शिकला होता, आणि काय शिकला होता ते समोर दिसत होतं. त्यांनी त्याला सुनवायचं ठरवलं, पण सुनवायला तोंड कुठे होतं. थालीपीठ त्या दिवशी झालं नाही. चंद्रप्रभाबाईंनी भाजणी संपली म्हणून सांगितलं. क्रमांक नऊचा डबा भरलेला होता, हे दोघा नवरा-बायकोला ठाऊक होतं.

पुढे तीन आठवडे श्यामकांत रोज ठरवत, की आज अनुराग सरांकडे जायचं. मेट्रोत वाक्य जुळवत. बसमधून उतरेपर्यंत ते पाठ होई आणि जिना चढेपर्यंत हवेत विरून जाई. दरम्यान करार नवा झाला, सही झाली. खरं सांगायचं तर त्या सहीनंतरच त्यांच्या पायांना बळ आलं. हेही त्यांनी स्वतःपासून लपवलं नाही, आणि त्यामुळे त्यांना स्वतःची जास्तच किळस आली.

अनुराग सरांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. नोंदी कुलसचिवांकडे गेल्या आहेत, असं ते म्हणाले. मग हलक्या आवाजात म्हणाले, की ही एक फाईल उघडायची तर त्यात शिक्षकाने मदत केली असं लिहावं लागेल, आणि मग आधीची एक्केचाळीस मुलं येऊन विचारतील की आमच्या वेळी काय. तुम्ही म्हणत असाल तर उघडू. अर्ज लिहून द्या. त्यांनी कोरा कागदसुद्धा पुढे सरकवला.

कागद श्यामकांतच्या समोर होता. पेन खिशात होतं. त्यांनी बराच वेळ त्या कागदाकडे पाहिलं आणि विचार करून सांगतो म्हणाले. अनुराग सर म्हणाले, बिल्कुल, घाई नाही. तो विचार पुढे कधी पुरा झाला नाही.

मे महिन्यात देविका प्रयोगवही द्यायला आली. लेखी परीक्षेत तिला वर्गात दुसऱ्या क्रमांकाचे गुण होते. बदलीचा अर्ज खिडकीवरूनच परत आला होता, हे श्यामकांतनी परस्पर जाणून घेतलं होतं. वही ठेवून ती निघाली आणि दारातून परत आली. सांगून टाकावं, हिला तरी सांगावं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात तीच बोलली.

"सॉरी सर," ती म्हणाली. "आपको उस दिन मेरी वजह से इतना बुरा लगा. मैंने छठा रूल ठीक से समझा नहीं होगा."

श्यामकांत म्हणाले, कोई बात नहीं. तोंडातून गेल्यावर त्यांना कळलं की आपण तिला माफ केलं. ज्या मुलीचे पाय धरायचे, तिला त्यांनी माफ केलं होतं. ती नमस्ते करून गेली. वहीत शेवटच्या पानावर तिने तोच प्रोग्राम पुन्हा, स्वतःच्या पद्धतीने, पहिल्या कप्प्यापासून लिहून काढला होता आणि खाली लिहिलं होतं, की हा गुणांसाठी नाही. त्यांनी तो तीनदा तपासला. एकही चूक नव्हती.

ऑगस्टमध्ये नवी तुकडी आली. सहावा नियम काढून टाकावा, असं श्यामकांतच्या मनात सुट्टीभर होतं. पण काढला असता तर का काढला, हे स्वतःला सांगावं लागलं असतं. म्हणून राहू दिला. पहिल्या तासाला त्यांनी सातही नियम वाचले. सहाव्याला आवाज जरा भरभर गेला. वाचून झाल्यावर पुढच्या बाकावरच्या एका मुलीने नेहमीचाच प्रश्न विचारला, की सर, असं नाव कुणी कधी लिहिलंय का.

अजून तरी नाही, असं म्हणणं अगदी सोपं होतं. पाच वर्षांची सवय होती.

"एक लड़की ने लिखा था," ते म्हणाले.

"तो उसके नंबर नहीं कटे ना, सर?"

श्यामकांतनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ज़ीरो मिला," ते म्हणाले.

वर्गात आधी हशा पिकला, मग तो आपोआप विरला. का, असं मागून कुणीतरी विचारलं. सत्तर मुलं बघत होती. आता तरी, असं त्यांना वाटलं, आता तरी बोल. चौथा नियमही आहे, असं ते म्हणाले आणि सह्यांसाठी कागद गोळा करायला सांगितलं.

कागद टेबलावर आले. मुलं आपापली प्रत परत न्यायला रांगेत उभी राहिली आणि श्यामकांत एकेका कागदावर, शिक्षकाच्या जागी, सही करू लागले. पाचव्या की सहाव्या कागदावर त्यांचा हात थांबला. कुणीतरी सहाव्या नियमाच्या शेजारी, समासात, पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, नाम नहीं लिखना है. पुढच्या कागदावरही तेच होतं. शेजारी शेजारी बसलेल्यांनी एकमेकांचं बघून उतरवून घेतलं असणार.

रांगेतला मुलगा हात पुढे करून वाट पाहत होता. खाली शिक्षकाच्या सहीची जागा मोकळी होती. श्यामकांतनी सही केली. मुलाने कागद घेतला आणि पुन्हा न बघता पिशवीत टाकला.